ब्रेक नीट लागत नाहीत? पॅड बदलण्याआधी पुण्यातल्या गाडीवाल्यांना पडणारे प्रश्न

ब्रेकची तक्रार घेऊन गॅरेजमध्ये येणारा माणूस बहुतेक वेळा निदान सोबतच घेऊन येतो : "पॅड गेलेत, टाकून द्या." नवे पॅड पडतात, बिल होतं, आणि चार दिवसांनी तोच माणूस तीच तक्रार घेऊन पुन्हा उभा राहतो. पैसे तर गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे मधले चार दिवस तो आपले ब्रेक दुरुस्त झालेत असं समजून गाडी चालवत होता. हे टळावं म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम (फिरणारा डबा, ज्याला आतून शू दाबतात) असलेल्या साध्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. पुण्याच्या रस्त्यांवर त्याच जास्त आहेत.

ब्रेक कमी लागतात म्हणजे पॅड झिजलेत, बरोबर ना?

बहुतेक वेळा नाही. झिजलेला पॅडसुद्धा जवळजवळ नव्याइतकाच पकडतो. पॅड पातळ होत जातो तसा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन आपोआप पुढे सरकतो आणि पेडलचा प्रवास फारसा बदलत नाही. म्हणून पॅड संपत आले की आधी आवाज येतो किंवा ब्रेक ऑइलची पातळी उतरते. गाडी थांबायला वेळ लागणं त्या मानाने फार उशिरा सुरू होतं, आणि तेव्हा बऱ्याचदा लोखंडावर लोखंड घासत असतं.

गाडी थांबत नाही पण पॅड पाच-सहा मिलीमीटर शिल्लक आहेत, अशी स्थिती असेल तर दोष दुसरीकडे शोधायला हवा. जुनं ब्रेक ऑइल, ऑइलच्या लाइनमधली हवा, कॅलिपरच्या जाम झालेल्या पिना, ढिले पडलेले मागचे शू, पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर, किंवा चक्क गुळगुळीत टायर. टायरची पकडच गेली असेल तर जगातले सर्वांत महाग पॅडही गाडी थांबवणार नाहीत. ब्रेक फक्त चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर.

मेकॅनिकला नेमकं काय सांगू?

"ब्रेक बरोबर नाही" एवढ्याने भागत नाही. पेडल पायाला कसं लागतं ते सांगा, निम्मं निदान तिथेच होतं.

पेडल मऊ, स्पंजसारखं लागत असेल आणि दोन-तीनदा दाबल्यावर घट्ट होत असेल, तर लाइनमध्ये हवा असण्याची शक्यता मोठी आहे. मागचे शू ढिले असले तरी असंच वाटतं. त्यामुळे ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) करूनही फरक पडला नाही तर ड्रम उघडायला सांगा.

सिग्नलला पाय ठेवून उभे असताना पेडल हळूहळू खाली सरकत जात असेल, तर ती गाडी चालवत गॅरेजपर्यंतसुद्धा आणू नका. कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या भागाच्या) आतला रबर गेला आहे. गळती असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलच्या वर, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळ) ओलसरपणा दिसतो. काहीच ओलं नसेल तर संशय मास्टर सिलिंडरवर.

पेडल दगडासारखं कडक लागतं आणि जोर लावूनही गाडी थांबत नाही? बूस्टर, त्याच्याकडे जाणारा व्हॅक्यूम पाइप, आणि डिझेल गाडी असेल तर व्हॅक्यूम पंप तपासायला हवा. पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा झाला असेल तरीही असं होतं.

ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आधी चारही टायरमधली हवा बघा. ती बरोबर असेल तर एका बाजूचं कॅलिपर काम करत नाही. इथे लोक हमखास गोंधळतात. गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक चांगला लागतो आहे आणि उजवा कमी, म्हणून आधी उजवीकडे बघायचं. ब्रेक न मारताही ओढत असेल, तर मात्र ज्या बाजूला ओढते त्याच बाजूचा ब्रेक अडकून राहिलेला असू शकतो. किंवा मग अलाइनमेंट.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला स्वतःला काय तपासता येईल?

बरंच काही, आणि पाना हातात न घेता.

इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबा. ते कडक होईल. तसाच जोर ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं तर बूस्टर काम करतो आहे. ढिम्म हललं नाही तर बूस्टर किंवा व्हॅक्यूमचा दोष.

मग इंजिन चालू ठेवून पेडल घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. सरकता कामा नये.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. पातळी खालच्या रेषेपाशी आली असेल तर लगेच वरून ओतू नका. पॅड झिजले की पिस्टन पुढे जातात आणि त्यांच्यामागे ऑइल भरतं, त्यामुळे टाकीतली पातळी आपोआप उतरते. म्हणजे उतरलेली पातळी एक तर पॅड संपल्याचं सांगते किंवा गळतीचं. वर ओतून तुम्ही ती खूण पुसून टाकता. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑइल टाकीतून बाहेर येतं, आणि ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं.

शेवटची तपासणी चालवून आल्यावर. पंधरा-वीस मिनिटं नेहमीसारखी गाडी फिरवा, थांबवा, आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. रिमला हात लावू नका, चांगलाच चटका बसतो. एकाच चाकातून धग येत असेल आणि बाकीची कोमट असतील, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही.

अलॉयमधून बघितलं, पॅड भरपूर दिसतो. मग चिंता नाही ना?

अलॉयमधून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला दिसत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत आधी संपतो तो आतलाच.

नेहमी दिसणारा प्रकार असा. चाक काढलं, बाहेरचा पॅड छान सहा मिलीमीटर. कॅलिपर उचललं तर आतला पॅड एका टोकाला तीन मिलीमीटर आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ पॅडच्या मागच्या पत्र्यापर्यंत, पाचरीसारखा तिरपा घासलेला. डिस्कच्या आतल्या बाजूला बोटाच्या नखाला लागतील असे चरे. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतं त्यातली एक ओढून काढायला पकड लागते. रबरी बूट फाटलेला असतो, आत पाणी आणि धूळ जाऊन ग्रीसचा तपकिरी, घट्ट खर झालेला असतो. पीन सरकत नाही म्हणून कॅलिपर नीट बसत नाही, आणि सगळा भार पिस्टनच्या बाजूच्या पॅडवर येतो. अशा गाडीत फक्त नवे पॅड टाकले तर काही महिन्यांत नवा पॅडही तसाच तिरपा होणार. पिना साफ करून, नवे बूट घालून, योग्य ग्रीस लावलं तर गाडीचा ब्रेक त्याच दिवशी सुधारतो.

हे काम वेळखाऊ आहे. पार्ट स्वस्त, मेहनत जास्त. म्हणूनच ते टाळलं जातं. दर सर्व्हिसला "पिना काढून बघा" असं तोंडी नव्हे, जॉबकार्डवर लिहून द्या.

मापाचं म्हणाल तर नव्या पॅडवरचं घर्षणाचं साहित्य साधारण दहा ते बारा मिलीमीटर असतं. पत्रा सोडून तीन मिलीमीटर उरलं की बदला. मोजताना चारही पॅड मोजा, आणि त्यातला सर्वांत पातळ कोणता त्यावर ठरवा.

सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खर्रर्र असा आवाज येतो, मग थांबतो. पॅड गेले का?

नाही. डिस्क बिडाची असते. रात्रीच्या पावसाने किंवा सकाळी गाडी धुतल्यावर तिच्यावर गंजाचा पातळ थर येतो आणि पहिल्या काही ब्रेकमध्ये घासून निघतो. जून ते सप्टेंबर पुण्यात हे चालणारच.

सतत चिरचिर आवाज येतो. आणि एकदा तर लोखंड घासल्यासारखा आला.

दोन वेगळे आवाज आहेत, दोन्हींचा अर्थ वेगळा. बारीक, कर्कश चिरचिर चालू गाडीत येत असेल, तर अनेक पॅडना बसवलेली छोटी लोखंडी पट्टी डिस्कला टेकायला लागली आहे. पॅड संपत आल्याची ती सूचना. या टप्प्यावर बदललंत तर डिस्क वाचते.

खालच्या पट्टीतला, दळल्यासारखा आवाज म्हणजे पत्रा डिस्कला लागला. आता पॅडबरोबर डिस्कचाही खर्च धरा. त्याच दिवशी गाडी दाखवा.

नवे पॅड असूनही चिरचिर येत असेल, तर पॅडच्या मागची शिम (आवाज दाबणारी पातळ पट्टी) आणि क्लिपा बसवल्या आहेत का ते विचारा. जुन्या क्लिपा गंजलेल्या म्हणून काढून टाकल्या आणि नव्या घातल्याच नाहीत, असं सर्रास होतं.

ऐंशीच्या वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क वाकली म्हणतात.

डिस्क खरंच वाकल्याचं क्वचितच आढळतं. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. फरक मिलीमीटरच्या शंभराव्या भागांत असतो, पण तेवढा फरक पायाला आणि हातांना जाणवतो. याचं एक कारण म्हणजे हबवर गंज तसाच ठेवून डिस्क बसवणं. डिस्क किंचित तिरकी फिरते, पॅडला एकाच जागी टेकत राहते आणि तिथे झिजते. दुसरं कारण, घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभं राहणं. पॅडचं साहित्य त्या जागी डिस्कवर चिकटतं.

डिस्क लेथवर घेऊन सरळ करता येते, पण तिच्या किमान जाडीची मर्यादा पाळूनच. ती मर्यादा बहुतेक डिस्कवर मिलीमीटरमध्ये कोरलेली असते. टर्निंग केल्यावर जाडी तिच्या खाली जाणार असेल तर नवी डिस्क घ्या. पातळ डिस्क लवकर तापते आणि घाटात नेमकी तेव्हाच दगा देते. मायक्रोमीटर न लावता "चालेल अजून" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

थरथर स्टिअरिंगऐवजी सीटमधून जाणवत असेल तर मागची चाकं बघा. ब्रेक न मारताही थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग.

ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. ते काही संपत नाही, मग कशाला?

संपत नाही, पण पाणी ओढून घेतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि हवेतली आर्द्रता शोषणं हा त्याचा गुण आहे. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून थोडं थोडं पाणी आत येत राहतं. त्याचा परिणाम गावात गाडी चालवताना कळत नाही. घाटात कळतो.

डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शिरल्यानंतरची त्याची किमान मर्यादा १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. ऑइल उकळलं की वाफ तयार होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणजे तुम्ही पेडल दाबता तेव्हा फक्त वाफ दबते आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. पेडल थेट तळाला जातं. गाडी थंड झाल्यावर सगळं पूर्ववत, आणि मग मेकॅनिकला दोष सापडतच नाही.

दर दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत त्याहून कमी मुदत दिली असेल तर त्या मुदतीला, ऑइल पूर्ण बदला. पॅडच्या संचापेक्षा हे काम कितीतरी स्वस्त आहे, आणि घाटात जाणाऱ्या गाडीला नव्या पॅडपेक्षा याचा फायदा जास्त होतो असं माझं ठाम मत आहे. कोणतं ऑइल ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल चुकून ओतलं तर आतले सगळे रबर फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकाजवळच्या व्हील सिलिंडरपर्यंत सगळं बदलावं लागतं. अर्धवट उघडी, वर्षभर कपाटात पडलेली बाटलीही वापरू नका.

सिंहगडावरून उतरताना ब्रेक लागेनासे झाले, जळका वास आला. पॅड खराब होते का?

कदाचित पॅड ठीक होते आणि उतरण्याची पद्धत चुकली. थोडा हिशोब करू. माणसांसकट १,२०० किलोची गाडी ३०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे साडेतीन मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तीच गाडी ताशी १०० किमी वेगावरून पूर्ण थांबवायला अर्ध्या मेगाज्यूलपेक्षाही कमी लागते. म्हणजे एवढा घाट फक्त ब्रेकवर उतरणं म्हणजे शंभरच्या वेगावरून सात-साडेसात वेळा, तेही ब्रेक थंड होऊ न देता, गाडी थांबवणं. ही सगळी उष्णता पॅड आणि डिस्कमध्ये जाते. ठरावीक तापमानापलीकडे पॅडची पकड घसरते आणि तुम्ही आणखी जोरात दाबता, आणखी उष्णता होते.

उपाय जुनाच. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. दिवे घाट, सिंहगड, ताम्हिणी, वरंधा, सगळीकडे हेच. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा 'एल' मोडवर घ्या. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्याऐवजी एकदा नीट दाबा, वेग कमी करा आणि पाय पूर्ण काढा.

वास आलाच तर सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या आणि अर्धा तास तरी थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. हँडब्रेकही ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. घरी आल्यावर पॅड काढून बघा. पृष्ठभाग चकचकीत, काळसर झाला असेल किंवा कडा चुरगळत असतील तर बदला, आणि ऑइलही बदला.

उतारावर न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं ना?

नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळजवळ बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल लागतंच. आणि इंजिन बंदच केलंत तर बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरता असतो. त्यानंतर पेडल कडक होतं आणि स्टिअरिंगही जड होतं.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्या पुण्याला माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने एकामागून एक कितीतरी गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक फेल झाल्याचं बोललं गेलं, पण प्राथमिक तपासात चालक इंजिन बंद करून उतार उतरत होता असं पुढे आलं. कारवाल्यांनीही त्या उतारावर न्यूट्रल करू नये, आणि मागून येणाऱ्या जड वाहनाच्या थेट पुढे रेंगाळू नये.

मागच्या ड्रमकडे कधी बघायचं?

जितक्या वेळा पुढचे पॅड बदलता, तितक्या वेळा तरी. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात म्हणून मागचे शू वर्षानुवर्षं टिकतात, आणि म्हणूनच कोणी उघडत नाही. आत काळी भुकटी साचते, ॲडजस्टर गंजतो, शू ड्रमपासून लांब राहतात आणि पेडल खोल जायला लागतं. हँडब्रेक पूर्वीपेक्षा जास्त टकटक करत वर येत असेल तर हीच शंका घ्या. केबल ओढून घट्ट करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आधी शू सेट करायचे, मग केबल.

व्हील सिलिंडर गळून शूला ऑइल लागलं असेल तर शू धुऊन उपयोग नाही. ते लायनरमध्ये, म्हणजे शूच्या घासणाऱ्या थरात, मुरलेलं असतं. दोन्ही बाजूंचे बदला.

ती भुकटी फुंकर मारून किंवा एअर गनने उडवू देऊ नका. फुप्फुसांना ती वाईट आहे, आणि जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस नसेलच असं धरून चालता येत नाही. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसायला सांगा. काम करणाऱ्या पोराच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

पुराच्या पाण्यात गाडी उभी होती. ब्रेक सुकले की झालं ना?

नुसतं डबक्यातून गाडी काढली असेल तर हो. हळू चालवत पाच-दहा वेळा हलका ब्रेक दाबा, पाणी उडून जातं.

पण खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर नदीपात्रातल्या रस्त्यावर बुडालेल्या, किंवा जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाण्यात राहिलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्या पाण्यात गाळ असतो. ड्रममध्ये तो बसतो आणि वाळून घट्ट होतो. पिनांच्या बुटांत शिरतो. पाणी टाकीच्या वर गेलं असेल तर ब्रेक ऑइलही गेलं. चारही चाकं उघडून साफ करणं, ऑइल पूर्ण बदलणं, एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर तपासणं हे करूनच गाडी रस्त्यावर आणा. विम्याच्या सर्व्हेमध्येही ब्रेकचं काम लिहून घ्या, कारण सगळ्यांचं लक्ष इंजिन आणि सीटवर असतं.

बरं, पॅडच बदलायचे आहेत. सिरॅमिक घेऊ की साधे?

हिंजवडीला किंवा खराडीला ऑफिस, शनिवार-रविवारी कधी लोणावळा, वर्षातून एकदा कोकण. एवढंच असेल तर कंपनीने जे दिले होते त्याच प्रतीचे पॅड घ्या. गाडी बनवणाऱ्यांनी पुढचा-मागचा तोल, बूस्टर, एबीएस हे सगळं त्याच पकडीच्या हिशोबाने बसवलेलं असतं.

ऑर्गॅनिक पॅड शांत असतात, डिस्क कमी खातात, पण जास्त उष्णतेत लवकर हार मानतात. सेमी-मेटॅलिक उष्णता चांगली सोसतात, पण आवाज करतात, रिम काळे करतात आणि डिस्क जास्त झिजवतात. सिरॅमिकची धूळ कमी आणि आवाजही कमी. मात्र किंमत जास्त, आणि शहरात गाडी थांबण्यात मोठा फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. भरलेली सात आसनी गाडी घेऊन दर आठवड्याला महाबळेश्वरला जाणाऱ्यानेही आधी चांगल्या प्रतीचं ताजं ऑइल आणि योग्य गिअर यांचा विचार करावा, मग पॅडच्या प्रकाराचा.

शर्यतीसाठीचे पॅड गावातल्या गाडीला लावू नका. ते तापल्यावर पकडतात. सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडताना ते थंडच असतात.

पॅडच्या कडेवर 'एफएफ', 'जीजी' अशी अक्षरं असतात. जास्त पुढचं अक्षर म्हणजे चांगला पॅड?

अक्षरं पकडीचा गुणांक सांगतात. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. दोन अक्षरं सारखी असतील तर तापल्यावरही पकड त्याच पट्ट्यात राहते. 'एफई' असेल तर घसरते, आणि घाटात जाणाऱ्याने तो टाळावा.

पण ही चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर प्रयोगशाळेत होते. पॅड किती टिकेल, आवाज करेल का, डिस्क किती खाईल, यातलं काहीही त्या अक्षरांत नाही. मूळ पॅड 'एफएफ' असेल तर 'एफएफ'च घ्या. पाकिटावर वर्तुळातला 'ई' आणि '९०आर' असा युरोपीय मंजुरीचा क्रमांक असेल तर ती चांगली खूण आहे. त्या नियमानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आत असावी लागते.

नाना पेठेतून आणू की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच बसवू?

नाना पेठेत उत्तम माल मिळतो आणि डुप्लिकेटही मिळतो. दुकानदाराला फक्त मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे, व्हेरियंटप्रमाणे डिस्कचा आकार बदलतो, कधी कॅलिपरही दुसऱ्या कंपनीचं असतं. आरसीवरचा चासी नंबर, बनवल्याचं वर्ष आणि जमल्यास जुना पॅड सोबत न्या. काउंटरवर नवा आणि जुना पाठीला पाठ लावून धरा. पत्र्याचा आकार, कान, पिस्टनच्या बाजूच्या खुणा आणि सूचना देणारी पट्टी कोणत्या टोकाला आहे, हे तंतोतंत जुळलं पाहिजे.

डुप्लिकेट ओळखायला पत्रा आणि साहित्य यांचा जोड बघा. तिथे फट, गोंदाचे ओघळ किंवा नखाने निघणारा चुरा दिसला तर परत ठेवा. पाकिटावरचा पार्ट नंबर पॅडच्या पाठीवर छापलेल्या नंबरशी जुळतो का, होलोग्राम आणि एमआरपीचं लेबल आहे का, छपाई पुसट आहे का ते पाहा. जीएसटीचं पक्कं बिल मागा. बिलाशिवाय पन्नास टक्के सूट देऊ करणाऱ्याकडून ब्रेकचा पार्ट घेऊ नका. सीट कव्हर हवं तिथून घ्या.

नामांकित ब्रेक कंपन्यांचे पॅड बाहेरच्या बाजारातही मिळतात, आणि त्यातल्या काही गाडी बनवणाऱ्यांनाही माल पुरवतात. असे पॅड घ्यायला हरकत नाही. वॉरंटीत असलेल्या गाडीचं काम मात्र सर्व्हिस सेंटरमध्येच करा.

एकाच बाजूचा पॅड झिजलाय, तेवढाच बदलला तर?

नको. पुढची दोन्ही चाकं एकत्र, मागची दोन्ही एकत्र. आणि एक बाजू का आधी झिजली, त्याचं कारण सापडल्याशिवाय काम संपलं असं समजू नका.

बसवताना मी समोर उभा राहिलो तर काय बघू?

उभे राहा, जरूर. चांगल्या मेकॅनिकला त्याचं काही वाटत नाही.

कॅलिपर काढल्यावर ते होजवर लोंबकळत ठेवलेलं नसावं, तारेने वर बांधलेलं असावं. पिस्टन मागे सारताना स्क्रू-ड्रायव्हरने डिस्कवर जोर दिला जाऊ नये. काही गाड्यांत मागचे पिस्टन फिरवून आत न्यावे लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय हात लावायचा नाही. पिनांना साधं पिवळं ग्रीस लावलं जात असेल तर थांबवा. त्याने रबर फुगतो. उष्णता सहन करणारं, ब्रेकसाठीचं ग्रीस वेगळं मिळतं. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीसचा बोटभरही डाग नको.

सगळं बसल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिल्या एक-दोन दाबांना पेडल तळाला जातं. हे न करता गिअर टाकून गाडी समोरच्या भिंतीवर गेल्याचे प्रकार होतात. स्वतःची गाडी ताब्यात घेतानाही आधी पेडल दाबून बघा.

नवे पॅड टाकले, पण आधीपेक्षा कमी लागतात!

पॅड आणि डिस्क अजून एकमेकांत बसलेले नाहीत. पहाटे रिकामा, सरळ रस्ता बघा. पन्नास-साठच्या वेगावरून मध्यम जोराने पंधरा-वीसपर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. मध्ये अर्धा किलोमीटर हवा लागू द्या. असं आठ-दहा वेळा. नंतर थोडं अंतर ब्रेक न मारता चालवून थंड करा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर शक्यतो जोराचे ब्रेक टाळा, आणि पॅड टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी घाटाचा बेत करू नका.

तीनशे किलोमीटरनंतरही कमीच लागत असतील तर मूळ दोष पॅडचा नव्हताच. वरच्या पेडलच्या तपासण्यांपासून पुन्हा सुरुवात करा.

जोरात ब्रेक मारला की पेडल पायाखाली धडधडतं. काही तुटलं का?

ते एबीएस. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारना ते बंधनकारक आहे. पाय उचलू नका, दाबून ठेवा आणि स्टिअरिंगने वाट काढा. सुक्या रस्त्यावर हलक्या ब्रेकलाही असं होत असेल किंवा एबीएसचा दिवा लागला असेल, तर चाकाचा सेन्सर आणि त्याची वायर तपासून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीचे पॅड झिजतच नाहीत म्हणे?

फार हळू झिजतात, कारण वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते. त्यामुळे तिथे त्रास उलटा होतो. डिस्क वापरलीच जात नाही आणि गंजते, पिना हलतच नाहीत आणि जाम होतात. आठवड्यातून एकदा रस्ता रिकामा आणि मागे कोणी नसताना रीजनरेशन (मोटरने वेग कमी करत बॅटरी भरणं) सर्वांत कमी करून काही नीट, दमदार ब्रेक मारा. बॅटरी पूर्ण भरलेली असताना रीजनरेशन कमी मिळतं, म्हणून गडावर किंवा उंचावरच्या हॉटेलात शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरू नका. वर्षातून एकदा पिना काढून ग्रीस, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, हे तिलाही चुकलेलं नाही.